कणसीमा

भट्टीच्या जाड काचेपलीकडे टायटॅनियमच्या दोन तबकड्या एकमेकींवर ठेवलेल्या होत्या. आठ बोटं जाडीच्या, लालभडक तापलेल्या. कडेला एकमेकींत घट्ट मुरलेल्या, मध्ये मात्र मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत आर्गॉन वायू सोडायला लागून बराच वेळ झाला होता, पण काहीच घडत नव्हतं. वेंगुर्ल्याजवळच्या त्या नव्याकोऱ्या सागरतळ केंद्रातली बहुतेक माणसं हातातली कामं टाकून तिथे येऊन उभी राहिली होती.

मग वरची तबकडी हळूच उचलली गेली.

निखाऱ्यावर टाकलेली भाकरी आधी एका बाजूनं जराशी उसासते आणि मग टम्म होते, तसा तो धातू फुगत चालला होता. फरक एवढाच की भाकरीला क्षणभर पुरतो आणि इथे अख्खी दुपार लागणार होती. ठोकाठोक नाही, कुठे चीर नाही. संध्याकाळपर्यंत त्या भट्टीत दोन माणसं बसतील एवढा बिनजोडाचा गोळा तयार होणार होता, आणि तो गोळा त्या दोघांना घेऊन हिंदी महासागरात साडेपाच हजार मीटर खाली उतरणार होता.

केतकी साटम मात्र काचेसमोर नव्हती. धातू तिनं निवडला होता, तापमान तिनं ठरवलं होतं, गोळा सर्वस्वी तिचा. पण ती सगळ्यांकडे पाठ करून कणदर्शीच्या पडद्यासमोर बसली होती.

कणदर्शी येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी धातूच्या आत काय आहे ते बघायचं तर तुकडा कापावा लागे, घासून आरशासारखा करावा लागे, आम्लात बुडवावा लागे. इतकं करून सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसे ते निश्चल असे, फोटोतल्या माणसासारखं. कणदर्शीचे क्ष-किरण जाड धातूच्या आरपार जात, आतल्या एकेका कणावरून विखुरत, आणि त्या विखुरण्यावरून यंत्र आतलं चित्र उभं करी. हलतं चित्र. आत्ता, या घडीला जे चाललंय ते.

धातू आपल्याला एकसंध वाटतो, पण तो तसा नसतो. चांगलं कढवलेलं तूप थिजलं की त्यात रवा धरतो, तसा धातूही थिजताना रवाळ होतो. प्रत्येक रव्यात अणू ओळींनी उभे असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे. पण शेजारच्या रव्यातल्या ओळींचं तोंड वेगळीकडे असतं. दोन रवे जिथे भेटतात, ती कणसीमा.

धातू वाकतो म्हणजे या ओळी एकमेकींवरून घसरतात. त्याही सगळ्या एकदम नाही. अंथरलेलं मोठं जाजम थोडं सरकवायचं असेल तर आपण अख्खं जाजम ओढत बसत नाही. एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती पायानं दुसऱ्या टोकाकडे नेतो. धातूच्या रव्यातही अशा सुरकुत्या पळतात आणि कणसीमेपाशी आल्या की अडतात, कारण पलीकडे ओळींची दिशाच निराळी. म्हणून रवे जितके बारीक तितक्या सीमा जास्त, आणि सीमा जितक्या जास्त तितका धातू कणखर.

पण तोच धातू पुरेसा तापवला की या अडवणाऱ्या सीमाच निसरड्या होतात. केतकीला आता पडद्यावर तेच दिसत होतं. यंत्र प्रत्येक दिशेला एक रंग देई. लाखो रंगीत रवे एकमेकांना खेटून, किंचित वळून, शेजाऱ्याला वाट देत पुढे सरकत होते. एकही रवा ताणला जात नव्हता, एकही फुटत नव्हता, आणि तरी सगळा धातू मळलेल्या कणकेसारखा लांबत होता. हे सगळं तिला पुस्तकातून पाठ होतं. तिनं ते मुलांना शिकवलंही होतं. पण डोळ्यांनी बघताना तिचे हात टेबलावर नुसते पडून राहिले होते.

“आई, कसं दिसतंय माझं घर?”

शाल्मली मागे येऊन उभी होती. निळा गणवेश, कापलेले केस. गोळ्यातल्या दोन जागांपैकी एक चालकाची, आणि चालक म्हणून तिची निवड झाली होती.

“बघ,” केतकी एवढंच म्हणाली आणि सरकून तिला जागा दिली.

शाल्मली बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे असं... नेहमीच चालू असतं?”

“नेहमीच. आपल्याला दिसत नव्हतं इतकंच.”

शाल्मलीनं पाणबुडीचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा केतकीनं तोंडानं विरोध केला नव्हता. पण घरात कितीतरी दिवस दोघी फक्त भाजी आणि दूध यांच्यापुरतं बोलत होत्या. शाल्मलीचा बाप ती लहान असतानाच गेला होता. घरात मध्ये पडायला दुसरं कोणी नव्हतं. शेवटी केतकीनं पुण्यातली शिकवण्याची नोकरी सोडली आणि या केंद्रात अर्ज केला. “तू आत बसणार असशील तर गोळा मी करणार,” ती म्हणाली होती. शाल्मली हसली होती. पण आईची ही माया की पाळत, हे तिला तेव्हाही नीटसं ठरवता आलं नव्हतं.

गोळा निवाला, तासला गेला, त्याला दार आणि झरोके बसले, काळसर रुपेरी होऊन तो मांडणीवर बसला. जिथे दोन तबकड्यांचा जोड होता तिथे आता कणदर्शीलाही जोड दिसत नव्हता. दोन्हीकडचे रवे एकमेकांत वाढून गेले होते. दाबाच्या टाकीत त्याची चाचणी झाली. समुद्रतळाहूनही जास्त दाब दिला, तासभर ठेवला, काढला. गोळा जसाच्या तसा. मोहिमेचे प्रमुख जयवंत खानोलकर यांनी सगळ्यांना शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस खाऊ घातला. बोट ठरली, समुद्र शांत असण्याचे दिवस ठरले.

मंजुरीची सही सोडली तर नियमाप्रमाणे केतकीचं काम तिथेच संपत होतं. पण एकदा दिसायला लागलं की माणसाला बघितल्यावाचून राहवत नाही. ती रोज सकाळी कणदर्शी गोळ्यावरून वीत वीत फिरवत राही. सगळीकडे बारीक रंगीत रांगोळी सांडल्यासारखे रवे, शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याला नाही. असंच हवं होतं.

चालकाच्या जागेमागे मात्र एका ठिकाणी रांगोळी नव्हती. तळहाताएवढा एक डाग, सगळा निळा.

तिनं यंत्र पुन्हा जुळवलं. डाग तसाच. तिथेही रवे होते, बारीकच होते, त्यांच्यामध्ये सीमाही होत्या. पण सगळ्या रव्यांचं तोंड एकाच दिशेला होतं. तबकड्या ज्यातून कापल्या तो मूळ पाट घडवताना तेवढा भाग नीट कालवला गेला नव्हता, आणि भट्टीतल्या फुगण्यानंही तो विखुरला नव्हता. म्हणजे इथल्या सीमा नावापुरत्या होत्या. सुरकुती आली तर अडणार नाही. एका रव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, थेट डागाच्या टोकापर्यंत पळत जाईल. तिथे पहिला आडवा रवा भेटेल. सगळ्या सुरकुत्या त्याच्यावर जाऊन आदळतील. आणि एक दिवस तो तडकेल.

टायटॅनियमची आणखी एक खोड तिला ठाऊक होती. झटकन दाब देऊन काढला तर तो काही दाखवत नाही. तोच दाब तासन्‌तास तसाच ठेवला, तर थंडगार असतानाही आत घसरण चालू राहते. चाचणीत गोळ्यानं तासभर दाब सोसला होता. समुद्रतळाशी त्याला दिवसभर राहायचं होतं, आणि तेही वारंवार.

खानोलकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस सरळ होता, आयुष्य समुद्रावर गेलेलं.

“साटम मॅडम, ध्वनिलहरींच्या तपासणीत काही नाही. दाबाच्या चाचणीत काही नाही. जगात कुठल्याही नियमात रव्यांच्या रंगाबद्दल एक ओळ नाही. मी कशाच्या आधारावर बोट थांबवू?”

“नियम लिहिले तेव्हा हे कोणाला दिसत नव्हतं, सर.”

“आणि तुम्हाला दिसतंय. तुमची मुलगी आत बसणार म्हणून जास्तच दिसतंय, असं कोणी म्हटलं तर?”

खानोलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला तुमचा अपमान करायचा नाही. मलाही मुलं आहेत. असं करू, शाल्मलीला यावेळी वगळतो. राखीव चालक तयार आहे, तोही उत्तम आहे. तिला पुढच्या वर्षी नेऊ. मग तर तुम्ही गोळ्याला मंजुरी द्याल?”

आणि त्या क्षणी केतकीला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं, तसं. शाल्मली घरी जेवत बसलेली तिला दिसली, चिडलेली, पण जेवत बसलेली. मग राखीव चालक दिसला. मालवणचा तो उंच पोरगा, जिन्यात भेटला की “मावशी, गोळा काय म्हणतोय?” असं विचारणारा. त्याच्या डाव्या खांद्यामागे तो निळा डाग.

“नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “कोणीही बसलं तरी गोळा तोच आहे, सर.”

आईनं मंजुरी अडवल्याचं शाल्मलीला दुपारपर्यंत कळलंच. ती तरातरा प्रयोगशाळेत आली.

“तुला काहीतरी सापडणारच होतं, आई. हा डाग नसता तर दुसरं काही सापडलं असतं. मी सायकल शिकताना तू ब्रेक तपासायचीस ना, दहादा? मी शेवटी सायकल सोडून दिली.”

“मी तुला पडद्यावर दाखवते.”

“मला नाही बघायचं. तुझ्या डोळ्यांनी मला काहीच बघायचं नाहीये!”

दार आपटलं. केतकी तिथेच बसून राहिली. मुलगी म्हणते ते खोटं आहे असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना. सायकलचे ब्रेक तिनं खरंच तपासले होते.

पुढचे काही दिवस शाल्मली केंद्राच्या वसतिगृहात राहिली. मग एका सकाळी ती पुन्हा आली. यावेळी दारात उभी राहिली.

“खानोलकर सर म्हणाले, तुला त्यांनी मला वगळायचं सुचवलं होतं. आणि तू नको म्हणालीस.”

“हो.”

“का?”

“त्या मालवणच्या पोरालाही आई असेल.”

शाल्मली दाराची चौकट धरून उभी राहिली. आईच्या मनात भीती नव्हती असं नव्हे. ती आजही तिच्या तोंडावर दिसत होती. पण भीतीच सगळं असती तर आईला वाट मिळाली होती, अगदी आयती. ती तिनं घेतली नव्हती.

“दाखव,” शाल्मली म्हणाली.

दोघी पडद्यासमोर बसल्या. केतकीनं रांगोळी दाखवली, मग डाग दाखवला, मग जाजमाची सुरकुती सांगितली. शाल्मलीनं तीन-चार प्रश्न विचारले, सगळे नेमके. शेवटी म्हणाली, “म्हणजे खात्रीनं फुटेलच असं नाही.”

“नाही. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.”

“मग टाकीत घालून बघू. तासभर नाही, समुद्रात जितका वेळ राहणार तितका वेळ. पुन्हा पुन्हा. चालक म्हणून मी मागणी करते. त्याशिवाय मी बसणार नाही, आणि मला वगळलं तर दुसराही बसणार नाही. मी बोललेय त्याच्याशी.”

खानोलकरांना ते टाळता आलं नाही.

दाबाची टाकी टेकडीच्या पोटात होती, सभोवती काँक्रीट. टाकीच्या एका झरोक्याशी कणदर्शी बसवली आणि तिचा झोत त्या डागावर धरला. दाब चढवायचा, दिवसभर ठेवायचा, उतरवायचा, पुन्हा चढवायचा. पडद्यावर पहिल्या वेळी डागातून सुरकुतीची एखाद-दुसरी बारीक रेघ पळाली. पुढच्या खेपेला जास्त. सभोवतालच्या रांगोळीत रेघा रव्यारव्यात अडत होत्या, तिथल्या तिथे विझत होत्या. त्या निळ्या डागात मात्र त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकाट धावत. टोकाला एक शेंदरी रवा होता, सगळ्यांना आडवा. रेघांचा मार तो एकटा खात होता.

ते दृश्य बघायला हळूहळू सगळेच येऊ लागले. खानोलकरही. जगातलं सगळं लोखंड, सगळं पोलाद, पूल आणि जहाजं आणि घराच्या सळ्या, सगळ्यांच्या आत हे असं धावणं आणि अडणं अखंड चालू असतं, आणि आपण त्यावर निवांत उभे असतो, हे त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी कळत होतं. शाल्मली तर जेवायलाही उठत नव्हती.

“तो शेंदरी बघ, आई,” ती एकदा कुजबुजली. “किती सोसतोय.”

आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी शेंदरी रव्याच्या कडेला काळा केस दिसला. केतकी पुढे झुकली. केस दुप्पट झाला. ती “दाब उतरवा” म्हणेपर्यंत पडदा कोरा झाला आणि जमीन हादरली.

आवाज कानांना नाही, पायांना आला. टेबलावरचे कप उडून फुटले. टेकडीच्या पोटातून एक लांब गुरगुर निघाली आणि थांबली. मग फक्त टाकीतून पाणी झिरपल्याचा आवाज.

शाल्मली उभीच होती.

“तो डाग,” तिनं विचारलं, “माझ्या कुठल्या बाजूला होता?”

“डाव्या खांद्यामागे.”

शाल्मलीनं उजव्या हातानं आपला डावा खांदा धरला. मग खाली बसून तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. खानोलकर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग ते वळले आणि म्हणाले, “नवा गोळा करायला काय काय लागेल, सांगा.”

नवा गोळा करायला वर्ष गेलं. यावेळी केतकीनं मूळ पाटच तिन्ही बाजूंनी उलटसुलट घडवून घेतला, कणीक मळताना दुमडून पुन्हा मळतात तसा, म्हणजे एकाच दिशेचे रवे कुठे घोळका करून राहू नयेत. प्रत्येक टप्प्यावर कणदर्शीनं बघितलं. गोळा पुन्हा फुगला, पुन्हा सगळे काचेसमोर उभे राहिले. टाकीत महिनोन्‌महिने राहिला. रेघा उठल्या, अडल्या, विझल्या. कुठेही मोकाट धावल्या नाहीत. तोवर बाहेरही बरंच काही बदललं होतं. देशोदेशीच्या कारखान्यांतून विमानांच्या इंजिनांतल्या चकत्या, पुलांच्या पोलादी तारा कणदर्शीखाली जाऊ लागल्या होत्या, आणि रव्यांच्या दिशांबद्दल नियमात एक ओळ नव्हे, एक सबंध प्रकरण आलं होतं.

पहिल्या बुडीच्या आधी खानोलकरांनी विचारलं, “दुसऱ्या जागेवर कोण?”

“आई,” शाल्मली म्हणाली.

केतकीला वाटलं ती गंमत करतेय.

“मी पन्नाशी ओलांडली आहे. माझे गुडघे दुखतात.”

“खाली चालायचं नाहीये. बसायचंय.”

बोटीवरून गोळा पाण्यात सुटला तेव्हा झरोक्यात आधी हिरवा, मग निळा, मग शाईसारखा रंग आला, आणि मग कुठलाच रंग उरला नाही. कितीतरी वेळ त्या नुसत्या उतरत होत्या. काळोखात कधी एखादी ठिणगी तरळून जाई, कधी ठिणग्यांची अख्खी माळ. “हे सगळे जीव आहेत, आई,” शाल्मली हळू आवाजात सांगे. तिचे हात यंत्रांवर इतके सहज फिरत होते की केतकीला आपण ते हात नव्यानंच बघतोय असं वाटलं.

आत गारठा होता. इथे कणदर्शी नव्हती; एवढं जड यंत्र गोळ्यात मावणारच नव्हतं. चार बोटांची भिंत, आणि तिच्या प्रत्येक तळहाताएवढ्या जागेवर साठ टनांच्या आसपास समुद्र. आत काय चाललंय ते केतकीला दिसत नव्हतं. तिनं हातमोजा काढला आणि उघडा हात धातूवर ठेवला.

तळ दिसायला लागला. दिव्यांच्या झोतात करडी, मऊ माती, जिच्यावर कधी उजेड पडलाच नव्हता. तिच्यावर काळ्या बटाट्यांसारखे धातूचे गोटे विखुरलेले, नजर जाईल तिथपर्यंत.

तेवढ्यात भिंत वाजली.

टक्‌. नखानं काच टिचकावी, तसा छोटासा आवाज.

शाल्मलीचा हात जागीच थिजला. पुढे जायची कळ तिनं सोडली नाही, दाबलीही नाही. तिनं मान वळवून आईकडे बघितलं. त्या टाकीतली दुपार तिच्या डोळ्यांत जशीच्या तशी उभी होती.

केतकीनं हात हलवला नाही. डोळे मिटले आणि ऐकत राहिली. आपल्या श्वासाचा आवाजही तिला मोठा वाटू लागला. पुढचा टक्‌ आला असता तर त्याच्यामागून आणखी आले असते, धावत, एकावर एक. ती थांबली. दोघी थांबल्या. वर साडेपाच किलोमीटर पाणी, आणि मध्ये कुठेतरी एका रव्यातली एक सुरकुती.

दुसरा आवाज आला नाही.

“अडली,” केतकी म्हणाली. “सीमेपाशी जाऊन अडली ती.”

“दिसत नाहीये तुला,” शाल्मली म्हणाली. “कशावरून म्हणतेस?”

“मी केलाय हा गोळा.” केतकीनं डोळे उघडले. “चल, पुढे घे.”

शाल्मलीनं कळ पुढे ढकलली. दिव्यांचा झोत सरकला आणि त्यात काचेसारखा पारदर्शक, हातभर लांबीचा एक जीव मातीवरून उठला. पोटातला इवलासा लाल धागा दिव्यात चमकवत, अंग सावकाश लहरवत तो त्यांच्या झरोक्यासमोर आला. केतकी पुढे वाकली, कपाळ काचेला टेकेपर्यंत. भिंतीवरचा हात तिनं कधी काढला ते तिचं तिलाही कळलं नाही.